छाया जेवताना

छायानं चॉपस्टिकच्या दोन्ही काड्या उजव्या हातात धरल्या, बशीतली कोबीच्या पानाची वळकटी त्यांच्या चिमटीत उचलली, वाटीतल्या काळसर रसाला टेकवली आणि तोंडात घातली. एवढंच झालं. वळकटी सुटली नाही, रस साडीवर सांडला नाही, आणि तिनं माझ्याकडं बघितलंही नाही. माझ्या काड्या तोवर एकदा टेबलाखाली पडल्या होत्या. मी वाकून, शोधून, पँटला पुसून डोकं वर काढलं तर समोर हे चाललेलं. ती सावकाश चावत होती. मधेच काहीतरी आठवल्यासारखी थांबत होती आणि परत चावत होती. गालाला खळी पडत होती. ती खळी मला माहीत होती, हसताना पडते ती. चावतानाही पडते हे माहीत नव्हतं. मग लक्षात आलं, लग्नाला इतकी वर्षं झाली, पोरगा पुण्याला इंजिनिअरिंगला गेला, आणि माझ्या बायकोला जेवताना मी आज पहिल्यांदा बघतोय.

गंगापूर रोडवरचा हा पब. पब म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं अंधार आणि धांगडधिंगा यायचा. इथं तसलं काही नव्हतं. थंडीतलं उतरतं ऊन अजून फरशीवर होतं, वेताच्या खुर्च्या, छताला कागदी कंदील, गाणं लागलेलं पण कुणाला ओरडून बोलावं लागू नये इतपत. कॉलेजची पोरं, दोन-तीन डॉक्टर जोडपी, सातपूरच्या कारखान्यातले साहेब, सगळे आपापल्या घरच्या ओट्यावर बसावं तसे सैलावून बसलेले. खायला यायचं ते तळहाताएवढ्या बशांतून. चीन, जपान, थायलंड आणि आपलं इकडचं असं एकमेकांत मिसळून केलेलं, बशीत चार घास, तेही मधोमध ठेवायचे आणि सगळ्यांनी मिळून उचलायचे. मालकीण आरोही, नाशिकचीच, पण सिंगापूरला हॉटेलात बरीच वर्षं काढून आलेली. पबला वर्ष झालं म्हणून तिनं माल पुरवणाऱ्यांना जोडीनं बोलावलं होतं. माल छाया पुरवते. मखमलाबादच्या आमच्या मळ्यात विहिरीमागं एक तुकडा पडीक होता, तिथं तिनं आधी गवती चहा लावला, मग आरोहीनं दिलेल्या बियांची कसली कसली पानं. मी फ्लॉवर, टोमॅटो आणि झेंडूचा माणूस. माझा माल टेम्पोनं मार्केट यार्डात जातो, तिचा स्कूटीच्या पायाशी दोन करंड्यांत मावतो. पाला विकायला मी येणार नाही असं मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं आणि तिनंही आग्रह केला नव्हता. दर मंगळवारी ती दुपारी जायची आणि दिवेलागणीला यायची. इतका वेळ काय करते, हे मी कधी विचारलं नाही. मला वाटायचं ट्रॅफिक असेल.

आल्या आल्या आरोही दारापर्यंत आली होती. "छायाताई, आज तुम्ही पाहुण्या. आज किचनमध्ये पाऊल टाकायचं नाही." मग माझ्याकडं वळून, "आणि तुम्ही समाधानराव ना? बरं झालं आलात." मला जागेवर बसवलं, कसं ते कळलंही नाही. मग बारवरचा माणूस आला. गोटीराम त्याचं नाव, हरसूलकडचा, काळा शर्ट इस्त्रीत, मिशी कोरलेली. मला त्यानं विचारलं, "सर, काय घेणार?" छायाला विचारलंच नाही. तिच्यापुढं त्यानं उंच ग्लास आणून ठेवला, कडेला तिखट-मीठ लावलेला, आत गवती चहाची गाठ मारलेली पात. म्हणाला, "मॅडमचं नेहमीचं." नेहमीचं! हा शब्द मला असा लागला की मी जे पहिलं दिसलं त्यावर बोट ठेवलं आणि माझ्यासाठी पेरूचं, दारू घातलेलं काहीतरी आलं. छाया हात धुवायला गेली तेव्हा मी तिचा ग्लास उचलून हुंगला. मग एक घोट घेतला. लिंबू, आलं, गवती चहा. दारूचा थेंब नव्हता. मला हायसं वाटायला हवं होतं. मला राग आला. त्यात दारू असती तर मला बोलता आलं असतं, घरी जाऊन आवाज चढवता आला असता. लिंबूपाण्यावरून बायकोशी कसं भांडणार?

आमच्या घरात बायका मागून जेवतात. हे काही कुणी ठरवलेलं नाही, ते तसं आहेच. आधी घरचे पुरुष, मग पोरं, मग गडीमाणसं, आणि सगळे ओट्यावर सुपारी कातरायला गेले की स्वयंपाकघराचं दार लोटून बायका बसायच्या. आत भांड्यांचा आवाज यायचा, कधी हसणं यायचं, पण आत डोकवायचं नाही. माझ्या आईचा, नवसाबाईचा, त्यावर आणखी एक नियम. देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय शिजवणारीनं जिभेला काही लावायचं नाही, ते उष्टं होतं. त्यामुळं छायानं जन्मभर स्वयंपाक केला तो चव न घेता, वासावर आणि हाताच्या अंदाजावर. आणि तो कसा झालाय हे तिला आमच्या तोंडून कळायचं. "मीठ कमी हाय," मी म्हणायचो. "आमटी पातळ झाली." चांगलं झालं असेल तर काही म्हणायचं नाही, वाटी पुढं करायची. ते बोलणं असतं असं मी समजत होतो. आई जाऊन आता वर्ष उलटलं. घरात मी आणि छाया, दोघंच. तरी मी जेवून उठतो, चूळ भरून ओट्यावर जातो, आणि आतून दार लोटल्याचा आवाज येतो. आईच्या माघारी हा रिवाज कोण चालवत होतं, असं त्या वेताच्या खुर्चीत बसून मी स्वतःला विचारलं आणि पेरूच्या दारूचा मोठा घोट घेतला.

मला वाटलं, कधीतरी बघितलं असेलच की. मी आठवायला लागलो. लग्नात घास भरवला होता. जिलेबीचा तुकडा, मी तिच्या तोंडात घातला, भोवतीनं सगळ्या बायका खिदळत होत्या, आणि तिनं तो गालात धरून ठेवला, मान खाली, मी बघत होतो तोवर चावलाच नाही. मग लग्नानंतर पंचवटीतून येताना मी तिला मिसळ खायला नेलं होतं. एकोणनव्वद की नव्वद साल, तिची हिरवी साडी, आणि मला केवढी हौस की बायकोला हॉटेलात नेतोय. तर ती म्हणाली, उपवास हाय. मी म्हटलं बरं, आणि समोर बसून दोन प्लेटी खाल्ल्या, वर तर्री मागून घेतली. ती पाण्याचा पेला धरून बसली होती. आज त्या छोट्या बशांपुढं बसून मला स्वच्छ कळलं की तो उपवास खोटा होता. आणि दोन हजार तीनचा कुंभमेळा. रामकुंडाकडं आम्ही झेंडूचे हार विकायला बसलो होतो, टेम्पोतच राहायचो, तिथं तर दार नव्हतं, स्वयंपाकघर नव्हतं. तिथं ती टेम्पोच्या मागं जाऊन, चाकाला टेकून, माझ्याकडं पाठ करून जेवायची. मला फक्त तिची पाठ हललेली दिसायची. मला त्यात काही वाटलं नाही. मला वाटलं, बायका अशाच जेवतात.

आणि इथं ती कशी जेवत होती! एकामागून एक बशा येत होत्या आणि मी कोणती कसली ते विचारायचं सोडून दिलं होतं. भाताचे गोळे, वर मिरचीचा ठेचा. कोळंबी, हिरवी पानं घालून. तीच ती तिची पानं. छाया आधी वास घ्यायची, मग थोडं उचलायची, मग थांबायची. एकदा तिनं बोट चाटलं. चारचौघांत, माझ्यासमोर, तर्जनी चाटली आणि पुसलीसुद्धा नाही. मला इतकी लाज वाटली आणि त्याच वेळी असं वाटलं की ते बोट मी पकडावं. इतक्या वर्षांचा संसार, पोर झालं, दुखणी-खुपणी झाली, तिच्या अंगाची मला माहिती नाही असं काही राहिलं नाही असं मी समजत होतो. आणि ही एक अख्खी बाई माझ्या घरात दाराआड बसून रोज जेवत होती, ती मी बघितलीच नव्हती. गोटीरामनं बघितली होती. भांडी विसळणाऱ्यानं बघितली होती. आरोहीनं तर वर्षभर, दर मंगळवारी. मी जळत होतो, दुसरा शब्द नाही.

मधेच आरोही आली, खुर्ची ओढून छायाच्या शेजारी बसली, एक नवीन बशी स्वतः घेऊन आली होती. "ही उद्यापासून मेन्यूवर टाकायचीय. खाऊन सांगा. काय कमी आहे?" छायानं खाल्लं. आरोही वाट बघत राहिली, हनुवटी तळहातावर टेकवून, घाई नसलेल्या माणसासारखी. मी दोघींकडं बघत होतो. छाया म्हणाली, "आंबट आधी येतंय. ते मागून यायला पाह्यजे. आधी तिखट येऊ द्या, मग आंबट. मग माणूस दुसरा घास घेतो." आरोही हसली, "बघा! मी आचाऱ्याला हेच सांगतेय सकाळपासून." दोघी टाळी देऊन हसल्या. छाया टाळी देते हे मला माहीत नव्हतं. मग त्यांचं आपसांत सुरू झालं, त्या दिवशी काय फसलं होतं, आचारी कसा रुसला होता, आणि मी नुसताच पेरू पीत बसलो. मनात आलं, आरोहीच्या जागी पुरुष असता तर बरं झालं असतं. मग मला कळलं असतं मला काय होतंय. मी कॉलर धरली असती, नाहीतर छायाचं जाणं बंद केलं असतं, भाऊबंदांनी माझीच बाजू घेतली असती. पण ही बाई माझ्या बायकोला जेवू घालत होती आणि कसं झालंय विचारत होती. याबद्दल कुणाची कॉलर धरणार?

"चल," मी म्हटलं. "निघू. उशीर झालाय." उशीर कसला, बाहेर अजून दिवे लागायचे होते. छायानं माझ्याकडं बघितलं. मला तिची सवय माहीत आहे, मी चल म्हटलं की ती हातातलं टाकून पदर खोचते, दवाखान्यात असो की लग्नात. ती उठणार म्हणून मी खुर्ची मागं सरकवून उभाही राहिलो. "तुम्ही व्हा पुढं," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, रागही नव्हता. "माझं जेवण व्हायचंय अजून." आरोही खाली बशीकडं बघायला लागली. गोटीराम बारवर ग्लास पुसत होता, तो पुसतच राहिला. मी उभा. परत बसलो असतो तर हसं झालं असतं, आणि गेलो असतो तर कुठं जाणार होतो? आम्ही एकाच मोटरसायकलवर आलो होतो. मी पार्किंगमध्ये जाऊन उभा राहिलो. काचेतून ती दिसत होती. मला वाटलं आता ती घाईघाईत उरकेल, नवरा बाहेर ताटकळतोय म्हणून. तिनं उरकलं नाही. तिनं नंतरची एक बशी खाल्ली, आणि मग काहीतरी गोड आलं, पांढरं, ते चमच्यानं खाल्लं, थोडं थोडं करून, शेवटपर्यंत. थंडी पडायला लागली होती. मी स्वेटर आत खुर्चीवर विसरलो होतो आणि आत जाऊन आणायची माझी हिंमत नव्हती. ती बाहेर आली तेव्हा स्वेटर तिच्या हातात होता.

घरी येताना ती माझ्यामागं नेहमीसारखी एका बाजूला पाय सोडून बसली होती, हात खांद्यावर. मखमलाबादच्या वळणाला म्हणाली, "रागावलात का?" मी म्हटलं, "मी कशाला रागावू." थोड्या वेळानं ती म्हणाली, "ते शेवटचं नारळाचं होतं. लय भारी होतं." आणि हसली. मला पाठीवर तिचं हसू कळलं. तेव्हा मी मनाशी ठरवलं की हे मला हवंय. जाणं बंद करायचं नाही, भांडायचं नाही. जी बाई तिथं जेवत होती ती मला माझ्या घरात, माझ्यासमोर जेवताना पाहिजे. एवढं साधं आहे, एवढ्या वर्षांत जमवलं नाही ती माझी चूक, उद्या जमवू. जन्मात पहिल्यांदा मला उद्याच्या जेवणाची वाट बघावीशी वाटली.

दुसऱ्या दिवशी मळ्यातून मी मुद्दाम लवकर आलो. हातपाय धुतले, कोनाड्यातले दोन पाट काढून समोरासमोर मांडले. छाया चुलीपुढं होती. गॅस आहे, पण भाकरीला तिला चूल लागते. बाजरीच्या भाकरी, वांग्याचं भरीत. "आज आपण बरोबर बसू," मी म्हटलं. "मी बसते की मागून. तुम्हाला गरम भाकरी कोण वाढील?" "सगळ्या होऊ दे. मग बसू." "गार होतील." "होऊ दे." तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. "बरं वाटत नाय का?" मी म्हटलं, मला काय धाड भरलीय. भाकरी झाल्या, तिनं दोन ताटं वाढली, माझ्या ताटात नेहमीसारखा कांदा गोल चकत्या करून, वर लिंबू पिळून. तिच्या ताटात कांदा नव्हता. मग ती बसली. समोर नाही, जरा तिरपी, चुलीकडं तोंड करून, पदर डोक्यावरून पुढं ओढून. आणि जेवायला लागली. लहान लहान घास, पटपट, औषध घ्यावं तसं. खळी पडत नव्हती. मी बघत होतो, वाट बघत होतो, आता थांबेल, आता तिला काहीतरी लागेल. मी माझा घासही उचलला नव्हता.

"कसं झालंय भरीत?" मी विचारलं. "बरंय." "काय कमी आहे?" मी अगदी आरोहीसारखं विचारलं, हनुवटीला हातसुद्धा लावला. छायाचा हात थांबला. "मीठ कमी हाय का? थांबा, देते," आणि ती उठायलाच लागली. "खाली बस. मी माझ्या तोंडाचं विचारत नाही. तुला कसं लागतंय?" ती बसली. भाकरीचा तुकडा तिच्या बोटांत होता, तो तिनं मोडला, मग परत मोडला, त्याचा चुरा व्हायला लागला. मला वाटलं रडते की काय. पण ती रडत नव्हती. विहिरीवरच्या मोटरचा वायसर गेलाय असं सांगावं तशी म्हणाली, "अहो, तुम्ही बघत असला का मला चवच लागत नाय."

मी म्हटलं, "कधीपासून?"

"पहिल्यापासून." मग माझं तोंड बघून तिलाच वाईट वाटलं असावं. "तुम्ही काय मारत नाय, बोलत नाय, तसं काय नाय. पण तुम्ही बघितलं का वाटतं, आता काहीतरी कमी निघणार. घास जातो खाली. काय खाल्लं ते कळत नाय. मिसळीच्या वक्ताला त्यापायीच उपवास सांगितला."

"आणि तिथं? तिथं ती आरोही समोर बसून बघत असते, तेव्हा लागते चव?"

"ती कुठं माझ्याकडं बघती?" छाया म्हणाली. "ती बशीकडं बघती."

आधी मनात आलं की ओरडावं. मग आलं की तिचा हात धरावा आणि म्हणावं, मी नाही बघणार, मी भिंतीकडं बघतो, तू जेव. पण भिंतीकडं बघणारा नवरासुद्धा समोरच बसलेला असतो. माझ्यासमोर तिनं जेवावं एवढंच मला पाहिजे होतं, आणि माझ्यासमोर ते होणारच नव्हतं. माझ्यावाचून ते रोज होत होतं. मी माझं ताट उचललं. ती गडबडून म्हणाली, "अहो, कुठं निघाला? वाढायचंय अजून." मी म्हटलं, "तू जेव." बाहेर ओट्यावर आलो आणि पायानं दार ओढून घेतलं. आजवर ते दार नेहमी तिनंच आतून लोटलं होतं. ओट्यावर ऊन होतं. मी भिंतीला पाठ लावून बसलो, ताट मांडीवर.

आत बराच वेळ काहीच आवाज आला नाही. मला वाटलं ताट झाकून ठेवलं असेल. मग काहीतरी धप्पकन वाजलं, मागोमाग ओलं, फुटल्याचं. क्षणभर कळलं नाही. मग वास आला. तिनं पाटावर कांदा ठेवून बुक्कीनं फोडला होता. एका बुक्कीत. आमचा गडी बांधावर बसून फोडतो तसा. मग भाकरी मोडल्याचा आवाज आला, पाण्याचा तांब्या ठेवल्याचा, आणि त्यानंतर ती सावकाश जेवत असावी, कारण बराच वेळ काही ऐकू आलं नाही. दार माझ्या हाताच्या अंतरावर होतं, त्याला कडी नव्हती. ते बोटभर सारून आत बघावं असं मला इतकं वाटलं, की मी माझं ताट दोन्ही हातांनी धरून ठेवलं.